चौदा हजार चांगली माणसं

तृप्तीला गर्दीचं भारी कौतुक होतं. जत्रेतल्या गर्दीचं नव्हे, साइटवरच्या. तिच्या वेबसाइटच्या अगदी तळाला एक आकडा होता, आजवर किती जणांनी साइट उघडली ते सांगणारा. दोन वर्षांत तो जेमतेम तीन हजारांवर गेला होता, आणि त्यातही निम्म्या वेळा उघडणारी ती स्वतःच. त्या रविवारी दुपारी अर्ध्या तासात तो आकडा चौदा हजारांनी वाढला आणि तृप्तीने टाळी वाजवली. हो, टाळी वाजवली! सख्खी बहीण समोरच्या दवाखान्यात पांढरीफटक पडलेली, आणि ही सायबर कॅफेत बसून टाळ्या पिटतेय. पण लगेच तिला नावं ठेवू नका. आधी काय झालं ते ऐका.

मखमलाबादचे देवराम मौले म्हणजे फुलवाले. गुलाब, शेवंती, झेंडू. त्यांना दोन मुली, थोरली भाग्यश्री आणि धाकटी तृप्ती. भाग्यश्रीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा एक भानगड कळली. साध्या तपासणीत तिचं रक्त ओ गटाचं दिसे, पण ओची एकही बाटली तिला जुळेना. नमुना मुंबईला गेला तेव्हा समजलं की गट 'बॉम्बे' आहे. दहा हजारांत एखाद्याचा असतो म्हणे. या माणसांना दुसरं कुठलंच रक्त चालत नाही, फक्त आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाचं. मग घरात सगळ्यांचं तपासलं, तर तृप्तीचाही तोच निघाला.

दुसरी एखादी असती तर देवाला नारळ फोडून गप्प बसली असती. तृप्तीने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. तिने साइट काढली. ज्याचा गट बॉम्बे असेल त्याने नाव नोंदवायचं, ज्याला रक्त हवं असेल त्याने निरोप टाकायचा, आणि मधला दुवा तृप्तीने जुळवायचा. पहिल्यांदा नंबर एका वहीत लिहिलेले होते. पण तेव्हा जो तो घरचा फोन काढून मोबाइल घेत होता आणि सणासुदीला सिम बदलत होता. म्हणून तिने सगळ्यांना सांगितलं, नंबर बदलला की तुम्हीच साइटवर भरा. झालं, वहीतले नंबर मेले आणि साइटवरचे जिवंत राहिले. सटाणा, चांदवड, पेठ, पार पुण्यापर्यंतची अडतीस माणसं. मध्यंतरी रक्ताचा धंदा करणाऱ्या एका दलालाने यादीतले नंबर उचलून लोकांना छळलं, तेव्हा तिने यादीला कुलूप घातलं. पासवर्ड एकटीला ठाऊक. यादी एकदा छापून ठेव, असं भाग्यश्री चारदा म्हणाली असेल. "ताई, आता कागद कोण ठेवतं गं?" असं म्हणून हिने तिला उडवून लावलं होतं.

भाग्यश्रीला बाळंतपणाची तारीख जूनअखेरची दिली होती. रक्त द्यायला दोन माणसंही ठरवून ठेवलेली. पण मेच्या तिसऱ्या रविवारी, पाच आठवडे आधीच, सकाळी सहाला तिला रक्त जायला लागलं. शरणपूर रोडवरच्या एका लहानशा दवाखान्यात घाईघाईने पोट फाडून मूल काढलं. मुलगी झाली, रडली, ठीक होती. आई मात्र ठीक नव्हती. रक्त थांबता थांबत नव्हतं. तृप्तीने स्वतःची बाटली दिली ती लगेच चढवली. ठरवलेल्या दोघांपैकी एकजण वैष्णोदेवीला निघून गेलेला, दुसरा टायफॉइडने अंथरुणाला खिळलेला.

"अजून निदान दोन बाटल्या लागतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "माणूस मिळाला तरी रक्त काढून, तपासून चढवायला वेळ जातो. चारपर्यंत कुणीतरी इथे आडवा झाला पाहिजे. त्यापुढचं मला विचारू नका."

तृप्ती उठायला गेली आणि भोवळ येऊन पडली. नुकतंच रक्त दिलेलं, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. नर्सने दटावून तिला तासभर झोपवून ठेवलं. त्या तासात तिचा चुलतभाऊ मनोज आला. मनोज एका बातम्यांच्या चॅनलला नाशिकची दृश्यं पुरवायचा. त्याची वर ओळख होती.

"खालच्या पट्टीत चालवायला तयार आहेत," तो म्हणाला. "नाशिकमध्ये बाळंतिणीला बॉम्बे गटाच्या रक्ताची तातडीने गरज. अख्खा महाराष्ट्र बघेल. पुढे नंबर कुणाचा देऊ? दवाखान्याचा?"

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात जोडले. गेल्या वर्षीच गावातल्या एका दवाखान्यात जमावाने काचा फोडल्या होत्या. "माझं नाव नको, दवाखान्याचं नको. इथे माणसं जमली तर मी पेशंटकडे बघू का दाराकडे?"

"मग तृप्तीचा देतो."

"पोरीचा नंबर टीव्हीवर?" कोपऱ्यात बसलेले देवराम ताडकन उठले. "डोकं फिरलं का तुझं मन्या? मागच्या बारीला काय झालं, इसरला?"

मागच्या वेळी पेपरात साइटची बातमी आली तेव्हा खाली तृप्तीचा नंबर छापला होता. रक्तासाठी फोन आले दोन. बाकीचे आले ते तू दिसतेस कशी, एकटी राहतेस का, असं विचारणारे. दोन महिने तिने सोसलं आणि शेवटी सिम तोडून फेकलं. तेव्हापासून घरात नेमच झाला होता की पोरीचा नंबर परक्याला जायचा नाही. देवरामांना मोबाइल वापरता येत नव्हता आणि भारतदाजी, म्हणजे भाग्यश्रीचा नवरा, भिंतीला डोकं टेकून बसला होता. त्याच्या हातात फोन देण्यात अर्थ नव्हता. मनोजचा फोन चॅनलच्या माणसांशी बोलण्यातच अडकलेला.

"माझा नकोच," तृप्ती झोपल्या जागेवरून म्हणाली. "साइटचं नाव दे. ज्याला यायचं तो साइटवर निरोप टाकेल. मी इथून खाली जाऊन यादी उघडते आणि एकेकाला फोन लावते. दोन्हीकडून काम होईल."

सगळ्यांना पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं? घरंदाज माणसांनी विचार करून काढलेला सरळ मार्ग होता तो. त्या मार्गानेच सगळा घात झाला.

पावणेदोनला पट्टी सुरू झाली. नर्सने सोडल्यावर तृप्ती भिंत धरत धरत खाली उतरली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या कॅफेत शिरली. कॅफे रोशनी नावाच्या बाईंचा. हिचा चेहरा बघूनच त्यांनी कोपऱ्यातला कॉम्प्युटर मोकळा करून दिला. साइट उघडायला चांगली चार मिनिटं लागली. उघडली तेव्हा तळाशी तो आकडा होता, सतरा हजार चारशे काहीतरी. तेव्हाच तिने ती टाळी वाजवली.

"बघा ना, चौदा हजार माणसं आली!" ती रोशनीबाईंना म्हणाली. "दहा हजारांत एक असतो. म्हणजे यात एक तरी असणारच!"

हिशेब बरोबर होता की नाही ते सोडा. तिला तेवढा धीर आला एवढं खरं. तिने पासवर्ड टाकला. पान फिरत राहिलं. घड्याळात सव्वादोन. पान फिरतंच आहे. मग वरून यादी उतरायला लागली, 'अनुक्रमांक, नाव, गाव' अशी ओळ आली, खाली 'एक' असा आकडा आला, आणि पडदा पांढरा झाला. तिने पुन्हा उघडून पाहिलं तर पानावर इंग्रजीत एकच ओळ. हे खाते बंद करण्यात आले आहे, चालकाशी संपर्क साधा.

 तिने पुन्हा उघडलं, तीच ओळ. शेजारच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तिथेही तीच.

साइटला जागा दिली होती ठाण्याच्या एका माणसाने. एका यंत्रावर चाळीस-पन्नास लहान साइटी कोंबून चालवणाऱ्यांपैकी तो. रविवार. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. सहाव्या वेळी उचलला तर मागे बँड वाजत होता.

"मॅडम, तुमच्यामुळे माझं सगळं यंत्र बसलं!" तो ओरडून बोलत होता. "बाकीच्यांच्या साइटी पडल्या, लोक मला शिव्या घालताहेत. माझ्याकडे कामाला असलेल्या पोराने मला विचारून तुमची बंद केली."

"चालू नका करू," तृप्ती म्हणाली. "फक्त मला आत जाऊ द्या. दोन मिनिटं. माझी एक यादी आहे आत. माझी बहीण मरतेय हो!"

 माणूस वाईट नव्हता. "अहो, मी इकडे गावाकडे लग्नात आहे. इथे कॉम्प्युटर कुठला? आणि तो पोरगा बंद करून घरी गेला, त्याचा फोन लागत नाही. मी बघतो. मी प्रयत्न करतो." मग बँड आणि मग काहीच नाही.

बरं, ही चौदा हजार माणसं कोण होती? रिकामटेकडी नव्हती. कुणी दुपारी जेवता जेवता पट्टी वाचली, म्हणालं, बिचारी बाळंतीण. आपलं रक्त चालतं का बघू तरी. बॉम्बे म्हणजे मुंबईकरांचं असतं का बघू. कॉलेजच्या पोरांनी एकमेकांना कळवलं, ऑफिसांतल्या बायांनी मैत्रिणींना सांगितलं. सगळी चांगली माणसं. त्यांच्या चांगुलपणाने दार असं काही गच्च भरलं की ज्याला खरोखर आत यायचं होतं त्याला वाटच उरली नाही. कुणावर डाफरायचं, सांगा.

तीन वाजत आले होते. तृप्तीने मनोजला फोन लावला. "माझा नंबर घाल."

"काका काय म्हणतील?"

"त्यांना मी बघते. घाल म्हटलं ना!"

तीन वाजून दहा मिनिटांनी तिचा नंबर पट्टीवर आला आणि फोन हातात थरथरायला लागला. सांगलीहून एक मास्तर. "माझं ओ पॉझिटिव्ह आहे, येऊ का?" नाही हो, चालत नाही. अकोल्याची एक मुलगी. "ताई, माझं बी आहे, पण माझ्या मनात फार आहे द्यायचं." नाही गं. एका म्हातारबाबांनी तर एक मंत्रच सांगायला घेतला. तृप्ती त्यांना तोडू शकेना, आणि मागे दुसरे फोन टुकटुक करत राहिले. पाच मिनिटं गेली मंत्रात.

मग तिने नियम केला. नमस्कार नाही, नाव नाही. फोन उचलायचा आणि विचारायचं, गट सांगा. ओ म्हटलं की कापायचा, ए म्हटलं की कापायचा. बॉम्बे म्हटलं तरच पुढे बोलायचं. रोशनीबाई शेजारी उभ्या राहून पाण्याचा ग्लास धरत होत्या. नियम चांगला चालला. मिनिटाला दोन-दोन फोन उरकायला लागले.

"गट सांगा."

"बाई, म्या पिंपळगावाहून बोलतोय, पॅकिंगच्या शेडातून. त्ये टीव्हीवर..."

"गट सांगा."

"गट म्हंजी... थांबा हां, त्याचं नाव काय बरं... आमचं समद्यांसारखं नाय ना, त्ये डाक्टर बोलले व्हते..."

तिने कापला. पुढचा. गट सांगा. एबी. कापला. गट सांगा. ओ निगेटिव्ह, फार दुर्मीळ असतो ना ताई? कापला. पंधरा झाले, वीस झाले. घशाला कोरड पडली म्हणून तिने ग्लास तोंडाला लावला, आणि एका घोटातच तो रोशनीबाईंच्या हातात परत दिला.

समद्यांसारखं नाय ना.

यादीत पेठकडचा एक माणूस होता. हिरामण. रक्तदान शिबिरात त्याचं रक्त वेगळं निघालं आणि कुण्या डॉक्टरनेच त्याचं नाव साइटवर भरलं होतं. दर साल द्राक्षांच्या आणि कांद्यांच्या कामाला तो पिंपळगाव बसवंतला उतरायचा, हेही तिने त्याच्या नावापुढे स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं. पिंपळगाव म्हणजे तासाभराची वाट!

तिने फोनमधले आलेले कॉल उघडले. त्या साध्या फोनमध्ये शेवटचे फक्त दहा राहत. दहाच्या दहा नंबर नंतरचे होते. पिंपळगावचा त्यात नव्हता. बघता बघता फोन पुन्हा वाजला आणि खालचा आणखी एक पुसला गेला.

"पट्टी थांबव!" ती मनोजवर किंचाळली. "माझा फोन मोकळा कर. पिंपळगावचा एक बॉम्बेवाला परत लावत असेल, त्याला लागत नसेल!"

मनोजने मुंबईला सांगितलं. मुंबईने हो म्हटलं. पट्टी थांबायला वीस मिनिटं लागली, आणि पट्टी थांबली म्हणून फोन कुठला थांबतोय? तोवर नंबर माणसांनी एकमेकांना पाठवला होता, वहीवर उतरवला होता, देवळातल्या फळ्यावर लिहिला होता. फोन बंद करावा तर त्याचा येणार कसा? चालू ठेवावा तर बाकीचे येतात. आता ती कुणालाच तोडेना. प्रत्येकाला विचारायची, "तुम्ही पिंपळगावचे का? शेडातून मघाशी तुम्हीच बोललात का?" लोकांना वाटे, पोर बावचळली. ते बिचारे तिची समजूत काढत बसायचे. मनोजने मोटरसायकल काढली आणि पिंपळगावचा रस्ता धरला. पण तिथे शेडं काय एकदोन आहेत? महामार्गाच्या दोन्ही अंगांना शेडंच शेडं.

चार वाजले. साडेचार वाजले. तृप्ती वर आली ती फोन कानाला लावूनच. देवराम दारात उभे होते. लेकीचा नंबर टीव्हीवर गेल्याचं त्यांना कळलं होतं.  त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"माझी अजून एक बाटली घ्या," तृप्ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "लगेच घ्या. मला काही होत नाही."

"मग माझ्यापुढे दोन पेशंट होतील," बाई म्हणाल्या. पण बाईंचाही धीर सुटला असावा, कारण पाच वाजता त्यांनी खरंच तिला पुन्हा आडवं केलं आणि अर्धीच पिशवी काढली. तेवढी चढवायच्या आत, पाच वाजून अडतीस मिनिटांनी, भाग्यश्री गेली. शेवटी ती शुद्धीवर नव्हती. तृप्तीचा फोन तेव्हाही वाजत होता आणि तो उचलायला कुणाला सुचलं नाही.

भारतदाजी ओक्साबोक्शी रडत होता. तृप्तीची आई बाळाला घेऊन आतल्या खोलीत बसली होती, ती बाहेर आलीच नाही. तृप्तीला रडू येईना. ती जिन्याच्या तोंडाशी खालच्या पायरीवर बसून होती.

सहा वाजून गेल्यावर एक माणूस आत आला. पस्तिशीचा, सावळा, पायात धुळीने भरलेल्या चपला. सदऱ्याची डावी बाही पार खांद्यापर्यंत वर गुंडाळलेली. आल्या आल्या त्याने तिलाच विचारलं, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

"बाई, बाळंतीण हाय ना हितं? रगत पायजे ती? मी हिरामण. सातवा दवाखाना हा. सिव्हिलला गेलतो, मंग समदे धुंडले. कोनी सांगंना. त्या औषधाच्या दुकानात एक बाई बोलली, हितं बघा." तो धापा टाकत होता. "कुठं झोपू?"

 तिने त्याच्या उघड्या दंडाकडे पाहिलं. तिला कळलं की हा बसमधून उतरल्यापासून बाही वर करूनच फिरतोय, वेळ जायला नको म्हणून.

"उशीर झाला हो," ती म्हणाली.

त्याला आधी समजलं नाही. मग वरून रडण्याचा आवाज आला आणि समजलं. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला.  बाही खाली करायचं त्याला सुचलं नाही.

"फोन केलता मी," तो म्हणाला. त्याला कुणाला दोष द्यायचा नव्हता. उलट समोरच्या बाईला बरं वाटावं म्हणून तो बोलत होता. "लागला बी व्हता एक डाव. पन मला त्या गटाचं नाव आठवंना, आन तेवढ्यात तुटला. मंग चार डाव लावला, लागंचना. आमच्या शेडात आसंच होतं बगा. रेंज गेली आसंल."

तृप्तीच्या मांडीवर फोन पुन्हा वाजायला लागला. तिने तो बंद केला.

"रेंज नव्हती गेली," ती म्हणाली. "मी कापला."